प्रभारित कण ध्रुवांकडे ‘ओढले’ जात नाहीत

प्रश्न असा आहे : ‘सूर्याकडून येणारे प्रभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे ओढले जातात आणि तिथे अरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसतो, असं शाळेत शिकलो. पण चुंबकीय बल तर वेगाला लंब असतं, मग ते ओढतं कसं? आणि एखाद्या कणाचा मार्ग घरच्या संगणकावर काढायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?’

शंका रास्त आहे आणि तिच्यातच अर्धं उत्तर आहे. चुंबकीय बल कणाला वळवतं, बस. ते त्याला पुढे ढकलत नाही, थांबवत नाही, आणि त्याची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टनेही (कणांची ऊर्जा मोजण्याचं फार लहान एकक) वाढवत नाही. त्यामुळे ‘सूर्याकडून आले, बलरेषेवरून घसरले, ध्रुवावर आपटले’ हे चित्र चुकीचं आहे. अरोरा पेटवणारे बहुतेक कण पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने, तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे ताणल्या गेलेल्या शेपटीतून येतात. त्यांना वेग देण्याचं काम विद्युतक्षेत्र करतं. चुंबकीय क्षेत्र फक्त वाट ठरवतं.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ, कारण या विषयात आकडे नसतील तर सगळंच सारखं वाटू लागतं. पृथ्वीपाशी पोहोचलेला सौरवात, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणारा प्रभारित कणांचा वारा, साधारण ४०० किमी प्रति सेकंद वेगाचा असतो (३०० ते ८०० हा नेहमीचा पल्ला), दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ५ प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन, आणि सोबत सूर्याकडून आलेलं ५ नॅनोटेस्लाच्या आसपासचं चुंबकीय क्षेत्र. या वेगाने सूर्यापासून इथवर यायला चार दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. अशा प्रोटॉनची ऊर्जा भरते जेमतेम ०.८ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

चुंबकीय क्षेत्रात कण गिरकी घेतो. गिरकीची दिशा फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने काढता येते. इलेक्ट्रॉनसाठी ती उलटी. मोजमापासाठी प्रोटॉनची दोन सूत्रं लिहून ठेवा. एका गिरकीला लागणारे सेकंद म्हणजे ६५.६ भागिले क्षेत्र (नॅनोटेस्लात). गिरकीची त्रिज्या किलोमीटरमध्ये म्हणजे १०.४४ गुणिले लंब वेग (किमी प्रति सेकंद) भागिले तेच क्षेत्र. सौरवातातल्या ५ नॅनोटेस्लात ४०० किमीच्या वेगाचा प्रोटॉन सुमारे ८३५ किमी त्रिज्येची गिरकी १३ सेकंदांत पुरी करतो. इलेक्ट्रॉन १८३६ पटीने हलका, म्हणून त्याची गिरकी तितक्याच पटीने जलद.

आता हा वारा पृथ्वीच्या क्षेत्रावर आदळतो तेव्हा काय होतं ते पाहा. विषुववृत्तावर जमिनीपाशी आपलं क्षेत्र सुमारे ३१,००० नॅनोटेस्ला आहे आणि ते अंतराच्या घनाप्रमाणे उतरत जातं. दहा पृथ्वी-त्रिज्यांवर उरतात फक्त ३१. तिथे सौरवातातला प्रोटॉन अर्धी गिरकी घेऊन आल्या वाटेने परत फिरतो. इलेक्ट्रॉनही फिरतो, पण उलट्या बाजूने. दोघांच्या या विरुद्ध वळण्यातून सीमेवर एक विद्युतप्रवाह तयार होतो, आणि तो प्रवाह आतल्या बाजूचं क्षेत्र जवळपास दुप्पट करतो, बाहेरचं पुसतो. दुप्पट म्हणजे ६२ नॅनोटेस्ला. त्याचा चुंबकीय दाब येतो १.५ नॅनोपास्कल. वर दिलेल्या सौरवाताचा धडकेचा दाब येतो १.३. म्हणजे सीमा जिथे असायला हवी तिथेच आहे, पृथ्वीच्या केंद्रापासून सूर्याकडे साधारण १० त्रिज्यांवर. तिच्याही पुढे, १३ त्रिज्यांच्या आसपास, जहाजाच्या नाळेपुढे लाट उठावी तसा धक्क्याचा पडदा असतो. तिथे वारा मंदावतो, तापतो आणि बाजूंनी वळून निघून जातो.

सीमेचं अंतर दाबाच्या सहाव्या मुळाने बदलतं, म्हणून ही भिंत बरीच चिवट आहे. सौरवाताचा दाब दहापट झाला तरी ती १० वरून ६.८ त्रिज्यांपर्यंतच सरकते. मात्र भूस्थिर उपग्रह असतात ६.६ त्रिज्यांवर. मोठ्या वादळात ते काही वेळ थेट सौरवाताच्या प्रदेशात सापडतात ते यामुळेच.

इथवरच्या हिशोबाने एकही कण आत यायला नको. ध्रुवांच्या वर, दिवसाच्या बाजूला, दोन फनेलसारख्या खाचा आहेत आणि त्यांतून थोडे कण थेट खाली येतात हे खरं. पण तो प्रकाश दुपारच्या बाजूला पडतो, अंधुक असतो आणि रात्रीच्या आकाशात पडदे हलवणारा अरोरा तो नव्हे. शाळेतलं चित्र या खाचांवरून बनलेलं दिसतं.

खरा दरवाजा उघडतो तो सौरवातासोबत आलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेमुळे. सीमेच्या आत, दिवसाच्या बाजूला, पृथ्वीचं क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असतं. बाहेरून येणारं क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर फारसं काही घडत नाही. ते दक्षिणेकडे असेल तर दोन विरुद्ध दिशांच्या बलरेषा एका अतिशय पातळ थरात एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली. नव्याने जोडलेल्या रेषेचं एक टोक पृथ्वीत रुतलेलं असतं आणि दुसरं सौरवातात वाहत असतं. वारा ती रेषा ध्रुवावरून ओढत मागे नेतो आणि शेपटीत साठवतो. शेपटीचे उत्तरेचे व दक्षिणेचे असे दोन अर्धे होतात, मध्ये उष्ण कणांची पातळ पत्री असते. रेषांचा साठा वाढत जातो, पत्री दाबली जाते, आणि पृथ्वीपासून २० ते ३० त्रिज्यांवर रेषा पुन्हा एकदा तुटून जोडल्या जातात. ताणलेल्या रबरासारख्या त्या पृथ्वीकडे झेपावतात, आणि त्यांच्यावरचे कणही सोबत येतात.

ऊर्जा इथे मिळते. रेषा पृथ्वीकडे सरकते म्हणजे पृथ्वीवरून पाहता तिथे विद्युतक्षेत्र असतं, आणि विद्युतक्षेत्र कणावर कार्य करू शकतं. कमकुवत क्षेत्रातून बळकट क्षेत्रात आलेल्या कणाची लंब ऊर्जा (रेषेला लंब असलेल्या वेगातली) क्षेत्राच्या प्रमाणात वाढते. रेषा आखूड होत गेली की रेषेच्या दिशेतली ऊर्जाही वाढते. त्याखेरीज जमिनीपासून हजारो किलोमीटर उंचीवर, अरोराच्या रेषांवर, रेषेच्या दिशेनेच काम करणारं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते इलेक्ट्रॉनना आणखी काही किलोव्होल्टचा रेटा देतं. सौरवातातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातली. अरोरा पेटवणाऱ्या इलेक्ट्रॉनची १ ते १० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सूर्याने धाडलेला इलेक्ट्रॉन तसाच खाली आला असता तर हिरवे पडदे दिसलेच नसते.

यामुळेच अरोरा ध्रुवावर पडत नाही. तो चुंबकीय ध्रुवाभोवती कड्यासारखा, साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशावर पडतो, कारण शेपटीतल्या त्या पत्रीला बांधलेल्या रेषा तिथे जमिनीकडे उतरतात. वादळ जितकं मोठं तितकं कडं विषुववृत्ताकडे सरकतं. हिरवा रंग (५५७.७ नॅनोमीटर) १०० ते १५० किमी उंचीवरच्या ऑक्सिजन अणूंचा. लाल (६३०) दोनशे किमीच्या वरचा, कारण लाल प्रकाश सोडायला उत्तेजित अणूला दीड-दोन मिनिटं लागतात आणि खाली दाट हवेत तेवढ्यात दुसरा रेणू आदळून ती ऊर्जा हिरावून घेतो.

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी लाल आकाश टिपलं ते याच कारणाने. १०० किमीवरचा हिरवा थर जमिनीवरून फार तर दहा अंश अक्षांश दूर असेपर्यंत क्षितिजावर येतो; ४०० किमीवरचा लाल थर वीस अंश दूर असला तरी. हानले ३३ अंश उत्तरेला आहे. तिथून दिसला तो दूर उत्तरेकडच्या प्रकाशाचा वरचा लाल मजला, खालचा हिरवा क्षितिजाआड राहिला. ‘लडाखवर सौरकण कोसळले’ अशी वाक्यं तेव्हा बरीच फिरली. ती सोडून द्या.

आता जे कण आत येऊन अडकतात त्यांच्याकडे वळू. त्यांना एकाच वेळी तीन चाली असतात आणि तिन्हींच्या वेळा इतक्या वेगळ्या आहेत की त्या सुट्या करून विचार करता येतो. भूस्थिर कक्षेजवळचा १ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन घ्या. बलरेषेभोवतीची गिरकी एक सहस्रांश सेकंदाची. उत्तर-दक्षिण हेलपाटा सुमारे अर्ध्या सेकंदाचा. आणि पृथ्वीभोवतीची प्रदक्षिणा दहा मिनिटांची.

हेलपाटा का घडतो? कण ध्रुवाकडे जातो तसं क्षेत्र वाढतं. लंब ऊर्जा भागिले क्षेत्र ही राशी जवळपास कायम राहते, म्हणून लंब ऊर्जा वाढते. एकूण ऊर्जा बदलत नसल्याने रेषेच्या दिशेतली कमी होत होत शून्यावर येते आणि कण माघारी फिरतो. हा चुंबकीय आरसा. म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र कणांना ध्रुवाकडे ओढत नाहीच, उलट ध्रुवाजवळून परत लोटतं! खाली वातावरणात पोहोचतात ते फक्त ज्यांचा वेग रेषेला अगदी समांतर आहे असे. तो कोन फार अरुंद असतो : चार त्रिज्यांवरच्या रेषेसाठी विषुववृत्तापाशी सुमारे ५.३ अंश, भूस्थिर कक्षेच्या रेषेसाठी अडीच अंश. या अरुंद शंकूतले कण एक-दोन हेलपाट्यांतच संपतात. अरोरा तासन्‌तास टिकायचा तर तो शंकू सतत भरत राहिला पाहिजे, आणि भरण्याचं काम तिथल्या विद्युतचुंबकीय लहरी आणि वर सांगितलेलं रेषेच्या दिशेचं विद्युतक्षेत्र करतात.

प्रदक्षिणा घडते ती क्षेत्र आत बळकट, बाहेर कमकुवत असल्यामुळे. गिरकीचा पृथ्वीकडचा भाग आखूड पडतो, बाहेरचा मोठा, आणि दर फेरीत कण थोडा बाजूला सरकतो. प्रोटॉन पश्चिमेकडे, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोन विरुद्ध प्रभार विरुद्ध दिशांना निघाले म्हणजे प्रवाह एकाच दिशेचा, पश्चिमेकडचा. याला वलय प्रवाह म्हणतात. तो जमिनीवरचं क्षेत्र कमी करतो, आणि ही घट किती यावरून चुंबकीय वादळाची तीव्रता सांगतात. मे २०२४ च्या वादळात ती ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास गेली. मोठ्या वादळांत वलयातला बराच वाटा ऑक्सिजन आयनांचा असतो, आणि ते सूर्याचे नसून आपल्याच वातावरणातून वर खेचले गेलेले असतात. ‘सूर्याचे कण’ हा शब्द तिथे अर्धाच लागू पडतो.

या घटीची सर्वांत गाजलेली नोंद मुंबईची आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाबा वेधशाळेत क्षैतिज क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं, म्हणजे तिथल्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास. आदल्या दिवशी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरचा भडका पाहिला होता. सतरा-अठरा तासांत सूर्यातून सुटलेला प्रभारित कणांचा लोट इथे पोहोचला, म्हणजे सरासरी वेग २३०० किमी प्रति सेकंदाच्या वर. ही कुलाब्याची नोंद २००३ साली तपासून प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून त्या वादळाच्या चर्चेत तिचा आधार घेतला जातो. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. ती आजही चालू आहे, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे. मात्र १८५९ चा तो खड्डा फार टोकदार आणि थोडक्या वेळाचा आहे. तो सगळा वलय प्रवाहाचा मानणं मला पटत नाही. आयनांबरातल्या (वातावरणाच्या वरच्या, प्रभारित थरातल्या) प्रवाहांचाही त्यात हात असावा. म्हणून कुलाब्याचे १६०० आणि आजचे जगभरच्या केंद्रांवरून काढलेले ४०० हे शेजारी ठेवून ‘चौपट मोठं वादळ’ म्हणू नये.

सौरवाताखेरीज भडक्यांच्या वेळी फार वेगवान प्रोटॉनही सुटतात, दहा ते शेकडो दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. त्यांना सीमेची तमा नसते. १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन सूर्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत इथे पोहोचतो. त्यांचं आत येणं न येणं नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टर्मर यांच्या गणिताने ठरतं : ठरावीक संवेगाखालचे कण ठरावीक अक्षांशाखाली येऊच शकत नाहीत. उभ्या दिशेने यायला चुंबकीय विषुववृत्तावर, संवेग भागिले प्रभार या मापात, सुमारे १५ गिगाव्होल्ट लागतात (दक्षिण भारतात प्रत्यक्षात १७), ६० अंशांवर एकाच्या आत. म्हणून ध्रुवावरून जाणारी विमानं अशा वेळी मार्ग बदलतात. मुंबई-पुण्याच्या माणसाने या प्रोटॉनची चिंता करायचं कारण नाही.

आता संगणकाकडे. पहिलं काम द्विध्रुवाचं, म्हणजे पृथ्वी हा एक साधा पट्टीचुंबक मानल्यावर येणारं, क्षेत्र लिहिण्याचं. अंतरं पृथ्वी-त्रिज्येत, केंद्र शून्यावर, ‘झ’ अक्ष उत्तरेकडे. मग क्ष-घटक = उणे ३ × ३१,००० × क्ष × झ ÷ अंतराचा पाचवा घात; य-घटक तसाच, क्षच्या जागी य; आणि झ-घटक = ३१,००० × (अंतराचा वर्ग उणे ३ × झचा वर्ग) ÷ अंतराचा पाचवा घात. विषुववृत्तावर क्षेत्र उत्तरेकडे आणि उत्तर ध्रुवावर खाली येतंय ना, हे आधी तपासा. चिन्ह चुकलं तर प्रोटॉन पूर्वेला जातो, आणि चूक शेवटी लक्षात येते.

दुसरं, पाऊल पुढे टाकण्याची रीत. साधी ऑयलरची रीत (आत्ताचा वेग आणि बल धरून सरळ पुढे जाणारी) वापरू नका. तिच्यात दर पावलाला वेग थोडा वाढतो आणि कण फुकटची ऊर्जा घेत बाहेर उडतो. चौथ्या श्रेणीची रुंगे-कुट्टा ही जास्त अचूक रीत थोड्या वेळासाठी चालते, पण लाखो पावलांनंतर ऊर्जा घसरू लागते. बोरिसची रीत वापरा. तिच्यात वेग-सदिश नुसता फिरवला जातो, त्यामुळे विद्युतक्षेत्र नसेल तर वेगाची किंमत बदलतच नाही. कृती अशी : प्रभार × क्षेत्र × पाऊल ÷ (२ × वस्तुमान) हा सदिश काढा. जुन्या वेगात, त्या वेगाचा या सदिशाशी सदिश गुणाकार मिळवा. हा मधला वेग. मग या मधल्या वेगाचा सदिश गुणाकार घ्या, दुप्पट केलेल्या त्याच सदिशाला (१ + त्याच्या लांबीचा वर्ग) ने भागून येणाऱ्या सदिशाशी, आणि तो जुन्या वेगात मिळवा. झाला नवा वेग. वेगवान कणांसाठी वस्तुमानाला सापेक्षतेचा गुणक लावायला विसरू नका.

चाचणीसाठी १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन घ्या, चार त्रिज्यांवर, विषुववृत्तात, क्षेत्राशी ३० अंशांचा कोन करून सोडलेला. वेग सुमारे ४३,४०० किमी प्रति सेकंद, तिथलं क्षेत्र ४८४ नॅनोटेस्ला, गिरकी ०.१३७ सेकंदाची, त्रिज्या सुमारे ४७० किमी. पाऊल विषुववृत्तावरच्या गिरकीवरून ठरवू नका. आरशाच्या जागी क्षेत्र चौपट होतं आणि गिरकी ०.०३४ सेकंदावर येते. ०.००१ सेकंदाचं पाऊल ठेवा. एक लाख पावलं म्हणजे १०० सेकंद, आणि त्यात एक पूर्ण प्रदक्षिणा बसते. उत्तर असं यायला हवं : कण ३३ अंश अक्षांशापाशी माघारी फिरतो, पूर्ण हेलपाटा सव्वादोन सेकंदांच्या आसपास, प्रदक्षिणा पश्चिमेकडे, सव्वा मिनिटाच्या जवळ. आरशाचा अक्षांश दर फेरीला किंचित हलेल, ती प्रणालीची चूक नाही. गिरकीची त्रिज्या बलरेषेच्या वळणाच्या त्रिज्येच्या (इथे सुमारे ८,५०० किमी) पाच-दहा टक्के असली की एवढी थरथर येतेच. ती टक्केवारी आणखी वाढली तर आरशाचा नियमच मोडतो आणि कण कुठेही भरकटतो. शेपटीतल्या पातळ पत्रीत प्रत्यक्षात तसंच घडतं.

यानंतर लोक हमखास दोन ठिकाणी अडखळतात. एक, द्विध्रुव सहा त्रिज्यांच्या पलीकडे ताणणं. तिथे सीमेचे आणि शेपटीचे प्रवाह जमेला धरावे लागतात, त्यासाठी उपग्रहांच्या मोजमापांवरून बनवलेली सिगानेन्को यांची प्रतिमानं आहेत. जमिनीजवळ मात्र दर पाच वर्षांनी सुधारलं जाणारं आंतरराष्ट्रीय भूचुंबकीय संदर्भ क्षेत्र (IGRF) घ्यावं. दक्षिण अटलांटिकवरचा कमकुवत पट्टा द्विध्रुवात दिसतच नाही, आणि किरणोत्सारी पट्ट्यांतले (पृथ्वीच्या क्षेत्रात अडकलेले) कण उपग्रहांना सर्वाधिक छळतात ते तिथे. भारताच्या ॲस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी केवळ ६ अंश कललेली ठेवली ती अटलांटिकवरच्या त्या कमकुवत पट्ट्यात शक्य तितकं कमी जावं लागावं म्हणून.

दुसरी चूक अक्षांची. आदित्य-एल१ सारखी यानं पृथ्वीपासून १५ लाख किमी सूर्याकडे राहून सौरवात मोजतात. ४०० किमीचा वारा तिथून इथे यायला तासाभराचा अवधी मिळतो, ८०० चा असेल तर अर्ध्या तासाचा. त्या मोजमापातला उत्तर-दक्षिण घटक पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाला धरून दिलेला आहे की पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाला धरून, हे फाइलच्या शीर्षकात पाहून घ्या. चुंबकीय अक्ष भ्रमणाक्षाशी सुमारे १० अंश कललेला, भ्रमणाक्ष कक्षेशी आणखी कललेला. दोन्ही मिळून कोन तासागणिक बदलतो. एका पद्धतीत किंचित उत्तरेकडे दिसणारं क्षेत्र दुसऱ्या पद्धतीत चक्क दक्षिणेकडे येतं, आणि दरवाजा उघडा की बंद हेच उलटं निघतं.